पेंडोचं न्हाणं

त्या बालगृहात जाऊन माझ्या धाकट्या जावेला, शालनला, काय मिळणार, याचा हिशेब मी विमानातच मांडला होता आणि तो शून्यावर आला होता. मला मिळण्यासारखं पुष्कळ होतं. इस्लामपूरच्या कन्याशाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. परदेशातल्या पोरक्या मुलांना शिकवून आले म्हटल्यावर महिला मंडळात एक व्याख्यान, तालुक्याच्या पेपरात फोटोसकट चौकट, आणि उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढा बोलायचा विषय. शालन चौथी पास. तिचं व्याख्यान ऐकायला कोण बसणार? फार तर तिला हृषी डोळे भरून बघायला मिळेल, एवढंच.

हृषी माझा मुलगा. किलिमांजारोच्या पायथ्याशी, टांझानियातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. आपल्याकडची साखर कारखान्यांत तयार झालेली पोरं तिकडे बरीच आहेत. त्यानंच फोनवर सांगितलं होतं, "आई आणि माई, दोघी या. एकटीला पाठवू नका." माई म्हणजे शालन. माझा मुक्काम तीन महिन्यांचा ठरला, तिचा दीड महिन्याचा. कारण धाकट्या भाऊजींची पिठाची गिरण होती आणि गिरण सांभाळणाऱ्या भाऊजींना स्वतःचा चहासुद्धा करून घेता येत नव्हता.

कारखान्यापासून अर्ध्या तासावर, केळीच्या बागांमध्ये ते बालगृह होतं. चाळीस मुलं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मामा मांका म्हणत. मामा म्हणजे तिकडे आई. धिप्पाड बाई, आवाज असा की शाळेत असत्या तर घंटा लागली नसती. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं आणि इंग्रजीत सरळ कामाचं विचारलं, "तुम्ही काय कराल?"

"मी इंग्रजी शिकवीन. तुमची कागदपत्रं नीट लावून देईन."

"आणि तुमची बहीण?"

बहीण नव्हे, जाऊ, हे इंग्रजीत सांगत बसण्यात अर्थ नव्हता. मी शालनकडे वळले. ती अंगणात बघत होती. तिथे एक आया एका लहान मुलाला नळाखाली उभं करून खसाखसा धूत होती आणि मूल टाहो फोडत होतं.

"वैनी, त्यास्नी इचारा," शालन म्हणाली, "पाणी तापवायला एखादी चूल मिळंल का. आणि खोबरेल."

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरामागच्या आडोशाला शालनची न्हाणी सुरू झाली. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालायला येणाऱ्या बायका बसतात तशी ती बसायची. पाटावर बसून दोन्ही पाय पुढे लांब, लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं, पायांवर मूल पालथं. आधी तेलानं रगडायचं, मग डाळीचं पीठ लावायचं, मग तांब्यातांब्यानं कढत पाणी, पाठीवर हाताचा पन्हळ करून. पहिल्या दिवशी मामा मांका स्वतः उभ्या राहून बघत होत्या. परदेशी पाहुण्यांना मुलांजवळ एकटं सोडायचं नाही असा त्यांचा नियम होता. चौथ्या दिवशी त्या मुलं आणून देऊन निघून जायला लागल्या. शालननं ओव्याची धुरी द्यायचा विचार बोलून दाखवला, तेवढा मी माझ्याच अधिकारात नामंजूर केला.

कारण तिथे शालनचं तोंड म्हणजे मी होते. तिचं मराठी माझ्यातून इंग्रजी होऊन जायचं आणि त्यांचं इंग्रजी माझ्यातून मराठी होऊन यायचं. दलाल मधे बसला की थोडंफार त्याच्याजवळ राहतंच. मामा मांका म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या हातात देवाचं देणं आहे. मुलं इतकी शांत झोपतात, मी वीस वर्षांत पाहिलं नाही." मी शालनला सांगितलं, "बरं चाललंय म्हणतात."

"एवढं सगळं बोलल्या त्या, आणि अर्थ एवढाच व्हय?"

"इंग्रजी लांबलचकच असतं."

मला मुलं मान द्यायची. तिकडची एक रीत फार चांगली आहे. लहानानं मोठ्याला भेटल्याबरोबर "शिकामू" म्हणायचं, म्हणजे पाया पडतो, आणि मोठ्यानं "मराहाबा" म्हणून ते स्वीकारायचं. शाळेतून आल्यावर माझ्या वर्गात वीस मुलं एका सुरात शिकामू म्हणायची आणि मी मराहाबा म्हणून फळ्याकडे वळायची. मला ती म्हणत मवालिमू, म्हणजे शिक्षिका. शालनला म्हणत बीबी. बीबी म्हणजे आजी. वर्ग सुटला की माझे वीसच्या वीस विद्यार्थी केळीच्या बुंध्यांमधून स्वयंपाकघराकडे पळायचे, आणि मी खडूचे हात झटकत एकटी व्हरांड्यात. बत्तीस वर्षं मला याची सवय होती. शाळेतसुद्धा मुली मला घाबरायच्या आणि माझ्या डब्यातल्या शालनच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळीला जीव लावायच्या.

त्या चाळीसांत पेंडो नावाची मुलगी होती. तीन वर्षांची, पण अंगानं दीड वर्षाची. पाय काटक्यांसारखे. रांगायचीही नाही, नुसती बसायची. तिची मोठी बहीण रेहेमा नऊ वर्षांची. डोंगरावरच्या एका खेड्यातून, आई गेल्यावर, दोघींना इथे आणून सोडलं होतं. शाळेचा वेळ सोडला तर रेहेमा पेंडोला पाठीला कापडानं बांधून हिंडायची. जेवताना, खेळताना, भांडतानासुद्धा.

एके दिवशी कागद लावताना मला पेंडोची फाइल दिसली. मी मामा मांकांना विचारलं.

त्या म्हणाल्या, "महिनाअखेर डॉक्टर मसावे येतात. मागच्या वेळी त्यांनी सांगितलंय, ही पुढच्या खेपेपर्यंत उभी राहिली नाही तर तिला समुद्रकाठच्या संस्थेत पाठवायचं. अपंग मुलांची संस्था आहे, चांगली आहे. पण बसनं नऊ तास. आणि रेहेमाला तिथे घेत नाहीत. तिचे पाय चांगले आहेत ना."

हे मात्र मी शालनला जसंच्या तसं सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं.

"तेवीस दिस हायत," ती म्हणाली.

त्या दिवसापासून पेंडोचं न्हाणं सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत लांब. मोठी मुलं शाळेत गेलेली असायची, दहाचा सुमार. पायाच्या बोटापासून मांडीपर्यंत शालन तेल जिरवत बसायची, आणि गुडघे वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून. रेहेमाकडून तिनं एक शब्द शिकून घेतला होता. सिमामा, म्हणजे उभी राहा. "सिमामा, माझे बाय, सिमामा," असं तिचं चालायचं, अर्धं त्यांचं, अर्धं आमच्या वाळवा तालुक्याचं.

मामा मांका मला एकदा म्हणाल्या, "तुमची बहीण परत गेल्यावर पेंडोला तुम्ही न्हाऊ घालाल ना? तुम्ही आणखी दीड महिना आहात. आत्ताच शिकून घ्या."

मी शालनला ते सांगितलं. तिनं पाट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "घाला की. बसा."

मी साडी वर घेऊन पाटावर बसले. पेंडोला माझ्या पायांवर ठेवलं मात्र, तिनं अंग असं काही ताठ केलं की जणू मी तिला चुलीवर ठेवते आहे. ती घसरली, मी सावरायला गेले, तांब्या कलंडला. आडोशापलीकडे स्वयंपाकीण हसली.

"पाय जवळ घ्या वैनी. फाकवू नका. पोरगी मधनं जाती."

"कळतं मला."

"हातात भ्या हाय तुमच्या. पोराला कळतंय ते."

मी पेंडोला तिच्या हवाली केलं आणि ओल्या साडीनं वर्गात गेले. त्या दिवशी मी मुलांना शब्दांची यादी पाठ करायला लावली आणि एकाही चुकीला क्षमा केली नाही.

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कागदांचं काम सोडून मी स्वयंपाकघराकडे चहाला चालले होते. आडोशाच्या चटईला एक भोक होतं. शालननं पेंडोच्या अंगावर शेवटचा तांब्या ओतला, तिला काखेत धरून पायांवरून उचललं आणि आपल्या दोन पायांच्या मधे ओल्या फरशीवर टेकवलं. पेंडोनं तिच्या खांद्यांना धरलं. शालननं हात हळूच काढून घेतले आणि कानांशी हलवले, बघ, माझे हात इथे आहेत, असं. पेंडो उभी होती. गुडघे थरथरत होते, पाण्याच्या वाफा निघत होत्या, आणि ती उभी होती. शालन मोजत होती, "एक, दोन, तीन, चार." पाचाला पेंडो खाली बसली आणि दोघी एकमेकींच्या अंगावर हसत सुटल्या.

शालननं वर पाहिलं आणि मी तिला दिसले.

"वैनी, बघितलासा? कालबी राहिली. काल तीन मोजस्तवर. कुणाला बोलले न्हाई, दृष्ट लागंल म्हणून." तिचा चेहरा पाण्यानं की कशानं ओला होता. "अगदी आपल्या हृषीवानी. त्योबी असाच न्हातानाच उभा राहिला होता, माझ्या खांद्याला धरून. पाडव्याच्या आदल्या दिवशी. तुम्ही पेपर तपासायला गेला होतासा."

मला ते ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाईंनी ओसरीवरूनच बातमी दिली होती, "तुझा लेक उभा राहिला गं, शालनला धरून." मी पिशवी ठेवून त्याला घेतलं, उभं केलं, पुन्हा उभं केलं. तो माझ्यासाठी उभा राहिला नाही. पुढे आठ दिवस राहिला नाही. माझ्या मुलाची पहिली पावलं, पहिला पडलेला दात, पहिला ताप, हे सगळं मला निरोपानं मिळालेलं आहे. शालनला मूल नव्हतं. घरातले सगळे म्हणायचे, बिचारीला तेवढाच विरंगुळा. माझ्या पोराचा विरंगुळा झाला होता आणि वर तिलाच बिचारी म्हणायचं होतं.

"चहा झाला असेल," मी म्हणाले आणि पुढे गेले.

डॉक्टर मसावे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच आले, न्हाण्याच्या आधी. बारीक, घाईतला माणूस. खोलीत टेबलावर पत्रा, त्यावर पातळ चादर. पेंडोला त्याच्यावर ठेवलं तशी तिनं पाय पोटाशी घेतले. त्यांनी दोन्ही काखांत धरून तिला उभं करून पाहिलं. पाय लोंबले. पुन्हा पाहिलं. पुन्हा लोंबले.

"या बाई तिला रोज न्हाऊ घालतात," मामा मांका इंग्रजीत म्हणाल्या. "त्यांना विचारा, डॉक्टर. त्यांनी काही पाहिलं असेल तर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शालनकडे.

"काय बघितलंस म्हणून विचारतायत."

शालन एका दमात बोलली. "सांगा त्यास्नी, परवा आणि काल, दोन्ही दिवशी उभी राहिली. माझ्या खांद्याला धरून, मी हात काढल्यावर. गार पत्र्यावर न्हाई राहायची ती, पाय आखडतात. कढत पाणी घातलं की नसा सैल होतात. आत्ता पाणी तापलंय चुलीवर. अर्धा घंटा द्या म्हणावं, हितंच न्हाऊ घालून दाखवते."

खोलीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बत्तीस वर्षं मी वाक्यांची भाषांतरं करून घेतली आहेत, चुकलेला शब्द लाल शाईनं अधोरेखित केला आहे. त्या वेळी माझ्या मनात काय होतं, हे मी पुढे स्वतःला बऱ्याच तऱ्हांनी सांगितलं. की ती संस्था खरंच चांगली आहे. की तिथे शिकलेले लोक आहेत, यंत्रं आहेत. की तेलानं रगडून कुणाचे पाय येत नसतात. यातलं काहीही त्या वेळी मनात नव्हतं. मनात एवढंच होतं, की आता हे सगळे आडोशाला जाणार, पेंडो शालनच्या खांद्याला धरून उभी राहणार, मामा मांका रडणार, डॉक्टर शालनचा हात हातात घेणार, आणि ते काय म्हणाले ते शालनला मराठीत मीच सांगायचं.

मी डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, मालिशनं मुलीला बरं वाटतं. झोप चांगली लागते."

"छान," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले.

शालननं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिनं पेंडोला पत्र्यावरून उचललं, पदरात गुंडाळलं, आणि डॉक्टरांचं लिहून होईपर्यंत उभी राहिली.

चौथ्या दिवशी पेंडोला न्यायला जीप आली. शाळा बुडवून रेहेमा थांबली होती. पाठीला बांधायचं कापड तिनं घडी करून पेंडोच्या पिशवीत घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. जीप गेल्यावर ती माझ्यापाशी आली.

"शिकामू, मवालिमू," ती म्हणाली. मग मी वर्गात शिकवलेल्या इंग्रजीत, शब्द जुळवत, "तुम्ही डॉक्टरांशी आमच्यासाठी बोललात. मामा मांकांनी सांगितलं. आभारी आहे."

मराहाबा म्हणायचं असतं. मी म्हणाले.

आठवड्यानं शालन परत गेली. मी राहिलेला दीड महिना पुरा केला. व्याख्यानही झालं, चौकटही आली. पेंडोबद्दल आम्ही जावा कधी बोललो नाही. दोन वर्षांनी हृषी परत आला, लग्न झालं, मुलगी झाली. सूनबाई शालनला म्हणाली, "माई, न्हाऊ तुम्हीच घालायचं." शालन म्हणाली, "माझं हात कापतात आता. थोरल्या घालतील." मग मी घातलं. नात माझ्या पायांवर न्हाली, माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. मी घरभर सांगत सुटले. शालन शेंगा निवडत होती. म्हणाली, "बरं झालं."

मामा मांकांशी माझा पत्रव्यवहार होता, वर्षातून एकदा. चौथ्या वर्षीचं पत्र आलं तेव्हा आम्ही दोघी परसात बसलो होतो. मी ते मनात वाचलं आणि पहिला परिच्छेद मोठ्यानं सांगितला.

"पेंडो चालते म्हणतात. पायाला पट्ट्या लावल्यात, पण धावतेसुद्धा." माझ्या आवाजात नको तेवढा आनंद आला असावा. "बघ, तिथे गेली म्हणूनच."

"बरं झालं," शालन म्हणाली. आणि मग, शेंगेतून दाणा काढावा तशी सहज, "वैनी, त्या दिवशी तुम्ही डॉक्टरला 'स्टँड अप' म्हटलंच न्हाई."

मी पत्राची घडी घातली.

"हृषीला तुम्ही अंगणात शिकवायचासा. स्टँड अप, सिट डाऊन. मी आत भाकरी थापत ऐकायची. तेवढं इंग्रजी हाय मला. त्या खोलीत मी त्या एका शब्दाची वाट बघत हुते. आलाच न्हाई."

"मग बोलली का नाहीस? सिमामा येत होतं तुला. मामा मांकांना एवढं एक म्हणाली असतीस तरी पुरे होतं. हाताला धरून आडोशाला नेलं असतंस."

"परक्या मुलखात, परक्या माणसांपुढं, थोरल्या जावंला खोटं पाडू? आत्याबाईंनी, सून म्हणून आले त्याच वर्षी, हेच शिकवलंय. घरातलं भांडण घरात. उंबऱ्याभाईर थोरलीचा शब्द खरा."

"एवढंच?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "एवढंच न्हाई. धा-बारा दिवसांनी मी जाणार हुते. तुम्ही ऱ्हाणार. मामा म्हणल्या हुत्या, मग तुम्ही न्हाऊ घालणार. उभी मी करायची आणि ती चालायची तुमच्याकडं बघून. माझ्या मनात आलं, गेली तर जाऊ दे लांब. कुणाचीच नको."

"ती माझ्याकडे आलीच नसती, शालन. बघितलंस ना तू, ती माझ्या पायांवर ठरत नव्हती."

"तुमचा हृषीबी ठरत नव्हता. पुढं तुमचाच झाला की."

दाराशी नात रांगत आली. कुणाकडे जावं ते तिला ठरवता येईना. आम्ही दोघींनीही हात पुढे केला नाही, आणि ती परत आत गेली.

"पत्र पुरं वाचा," शालन म्हणाली. "रेहेमाचं काय लिवलंय?"

मी घडी उघडली आणि शब्द न शब्द सांगितला. रेहेमा आता तेरा वर्षांची आहे, वर्गात पहिली येते, इंग्रजी उत्तम. चार वर्षांत तिला बहिणीला भेटायला एकदाच नेता आलं, या जूनमध्ये. रात्रभर जागून तिनं स्वयंपाकिणीकडून मांदाझी करून घेतले, म्हणजे तिकडचे गोड वडे, आणि नऊ तास मांडीवर धरून नेले. पेंडो अंगणात खेळत होती. रेहेमानं हाक मारली तशी ती वळली, नीट बघितलं, आणि शिकवल्याप्रमाणे हात जोडून "शिकामू" म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं, आणि पळत जाऊन आयाच्या मागे लपली. रेहेमा तिच्याजवळ गेली नाही. तिनं मांदाझी आयाच्या हातात दिले, मुलांना वाटायला सांगितले, आणि त्याच संध्याकाळच्या बसनं परत आली.